फेस होईपर्यंत

आमच्या देवळाली प्रवऱ्यात माणसं भेटली की एकमेकांना रामराम घालतात. नाना घालत नसत. ते समोरच्याच्या हनुवटीकडे बघत, मग गळ्याकडे, आणि "घाई हुती वाटतं" एवढंच म्हणून पुढे चालू लागत. ज्याला म्हटलं तो बिचारा दिवसभर गळ्यावरून हात फिरवत बसे. दाढीला घाई करणारा माणूस कुठल्याच कामाचा नसतो असं नानांचं मत होतं, आणि या एका मतावर त्यांनी गावातले जवळजवळ सगळे पुरुष निकालात काढले होते. बायकांना काढायला त्यांच्याकडे वेगळी कारणं होती.

नाना साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण तपासायची खोड गेली नाही. चहाचा घोट घेतला की साखर कुठल्या कारखान्याची ते सांगत, आणि ती नेहमी वाईटच निघे. माझं जनरल स्टोअर त्यांच्या घरासमोर, त्यामुळे रोज सकाळी पेपर वाचायला ते माझ्याकडे. पेपर माझा, खुर्ची माझी, आणि वर ऐकून घ्यायचं ते मीच. "वहिनी, ह्या दुकानात मानसाला लागतंय असं काय ठेवता का न्हाई?" असं फुकटचा पेपर वाचणाऱ्याने मालकिणीला विचारावं, याला छाती लागते. आता ते पुण्याला मुलीकडे असतात. तिथे त्यांचं कोण ऐकून घेतं ते देव जाणे.

माझ्या दुकानातली एकच वस्तू त्यांना मान्य होती. दाढीचा साबण. नाव लिहीत नाही, कंपनीची फुकट जाहिरात मी का करू. प्लास्टिकच्या हिरव्या डबीत गोल, पांढरी, घट्ट वडी यायची. वास म्हणाल तर धुतलेल्या सुती कपड्यासारखा, साधा. पूर्वी गावातला प्रत्येक बाप्या हाच साबण न्यायचा. मग ट्यूब आल्या, मग फोमचे डबे आले, मग पोरांनी दाढ्याच वाढवल्या. शेवटी त्या साबणाचं गिऱ्हाईक म्हणून नाना आणि दोन-चार म्हातारे उरले.

पोरांच्या दाढ्यांवर नाना खास राग धरून होते. आमच्या चौकात कुणा ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कायम असतो. मधे नेता, भोवती शुभेच्छुक, सगळ्यांच्या दाढ्या एका मापाच्या, सगळ्यांच्या कानाला फोन. नाना पेपर खाली ठेवून तो फ्लेक्स वाचत. "एकच फोटू काढलाय आन् खाली नावं बदललीत," म्हणत. एकदा त्यातलाच एक शुभेच्छुक दुकानात आला, तर नानांनी त्याला विचारलं, "तू त्यातला कंचा रे?" पोराने उत्साहाने फ्लेक्सकडे बोट दाखवलं. नाना म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. तुझ्या आईलासुद्धा सांगून ठेव."

आता तात्यांचं सांगते. तात्या म्हणजे नानांचे थोरले भाऊ. दोघांची घरं शेजारी, मधे एक भिंत. तात्या एसटीत ड्रायव्हर होते, पहाटेच्या गाडीवर जायचे तरी गुळगुळीत दाढी करून. नानांना दाढी करायला शिकवलं त्यांनीच. पुढे दोघांमध्ये शेतातल्या विहिरीच्या पाळीवरून वाजलं. कुणाची मोटर कधी चालायची यावरून सुरू झालं आणि बोलचाल बंद होण्यावर थांबलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या दोघांना एकमेकांशी बोलताना पाहिलं नव्हतं. एकाच लग्नात एकाच पंगतीला बसायचे, आणि मीठ हवं असलं तर वाढप्याला हाक मारायचे. भावकीने समेटाच्या बैठका घेतल्या. दर बैठकीत चहा झाला, दुसरं काही झालं नाही.

मग तात्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडावर पांढरे खुंट वाढलेले होते. सून मंदा बिचारी सगळं करायची, पण सासऱ्याच्या गळ्याला ब्लेड लावायचा धीर तिला होईना. मुलगा पुण्याला नोकरीत, तो फोनवरून धीर द्यायचा. एक दिवस सकाळी मी दुकान उघडत होते, तर नाना घरातून निघाले ते पेपरला न येता भिंतीला वळसा घालून तात्यांच्या अंगणात शिरले. एका हातात वाटी, एका हातात ब्रश, खांद्यावर पंचा. कुणी बोलावलं नव्हतं. मंदा दारातून बाजूला झाली, एवढंच.

तेव्हापासून एक दिवसाआड हा कार्यक्रम असे. तात्यांना खुर्चीत बसवून अंगणात आणायचं. नाना समोर स्टूल घेऊन बसणार, वडीवर ओला ब्रश फिरवणार, मग वाटीत घोटायला लागणार. त्या साबणाचा फेस लवकर होत नाही. आधी नुसतं पांढरं पाणी, मग बुडबुडे, मग पुष्कळ वेळाने दाट साय. तोवर नानांच्या तोंडाचा पट्टा सुरू. तात्यांशी नाही हं, तात्यांशी बोलचाल बंदच होती. ते हवेशी बोलत. पाणीपुरवठ्याला शिव्या, उसाच्या भावाला शिव्या, ग्रामसेवकाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, फ्लेक्सवरच्या पोरांना, आणि रस्त्यापलीकडे मी ऐकतेय हे माहीत असून मलासुद्धा. "समोरची दुकानदारीन बघा. बिस्किटाचा पुडा देताना तोंड असं करती की किडनी काढून देती." तात्यांचं तोंड एका बाजूने हसे. एका बाजूनेच हसता येत होतं त्यांना, पण ती बाजू पुरेपूर हसायची. दोन भावांमध्ये इतक्या वर्षांनी काही सुरू झालं असेल तर ते एवढंच होतं.

आणि अशात कंपनीच्या सेल्समनने येऊन सांगितलं, "मावशी, ती वडी बंद झाली. आता फोम ठेवा, फोमला उठाव आहे." बूट चकचकीत, शर्ट इनमध्ये, आणि गालावर तीन दिवसांची दाढी. दाढीचा साबण विकणाऱ्याची ही तऱ्हा. मी नानांना सांगितलं तेव्हा ते आधी माझ्यावरच उखडले, जणू मीच साबणाच्या कारखान्याला कुलूप लावून आले होते.

मग त्यांनी माझ्या फोनवरून कंपनीला फोन लावायला सांगितलं. बराच वेळ गाणं वाजलं. शेवटी एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, आपण आमचा नवीन फोम वापरून पाहिला का? तो त्वचेसाठी खूप सौम्य आहे."

"बाई, तुमी कंदी दाढी केली हाय का?" नाना म्हणाले.

"नाही सर."

"मग तो सौम्य हाय हे तुमाला कुनी सांगितलं?"

"सर, मी आपली तक्रार नोंदवून घेते."

"ही तक्रार न्हाई. मी इचारतोय, साबन का बंद केला? घेनारे मेले म्हनून? आमी अजून जित्ते हाय."

मुलीने त्यांना दिवस आनंदात जावो म्हटलं आणि फोन ठेवला. नानांनी फोन मला परत दिला आणि बराच वेळ पेपर उलटा धरून बसले. मला तेव्हा हसू आलं होतं. पण ते कशाला घाबरले होते ते मला कळत होतं. दाढी हेच भिंतीपलीकडे जायचं त्यांचं एकमेव निमित्त होतं. वर तात्यांची कातडी पातळ झालेली, दुसरं काही लावलं की लाल पुरळ. साबण गेला की त्या अंगणात पाय ठेवायला नानांकडे काही उरणार नव्हतं, आणि निमित्ताशिवाय जाण्याइतका त्यांचा ताठा अजून मोडला नव्हता.

शोधाशोध सुरू झाली. नाना संगमनेरला जाऊन आले, तिथल्या दुकानदाराने म्हणे त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून सांगितलं, "आजोबा, आता कोन वापरतंय ते?" श्रीगोंद्याला लॅबमधला एक जुना सहकारी होता. त्याने छातीठोक सांगितलं की इथे भरपूर माल आहे, या. नाना एसटीने धक्के खात गेले. माल भरपूर होता, डबीही हिरवी होती, फक्त आत भांडी घासायचा साबण होता. त्या माणसाशी नानांनी नंतर बोलणं सोडलं. न बोलण्याचा त्यांना सराव होताच.

नगरच्या जुन्या बाजारात न्हाव्यांचं सामान विकणारे एक चाचा आहेत, तिथे मीच त्यांना माझ्या खरेदीच्या टेम्पोतून घेऊन गेले. चाचांची दाढी मेंदी लावलेली, भरघोस. नानांनी ती बघून नाक मुरडलं, पण साबणाचं विचारलं. चाचांनी माळ्यावर चढून खोकी धुंडाळली आणि एक वडी शोधून आणली, कागद पिवळा पडलेला. नानांनी ती उघडली, हुंगली आणि मान हलवली.

"वास गेलाय हिचा."

"वास गया तो गया, साहब. साबन तो है ना," चाचा म्हणाले. "आपका भी कहाँ जवानी का वास है?"

नानांना असं कुणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ते वडी घेऊन टेम्पोत बसले आणि राहुरीपर्यंत चाचांच्या दाढीला नावं ठेवत आले. त्या एका वडीवर पुढे बरेच दिवस निघाले. त्याच सुमाराला नानांच्या स्वतःच्या गळ्यावर कापल्याच्या खुणा दिसायला लागल्या. विचारलं तर आरसा खराब झालाय म्हणाले. खरं म्हणजे ते स्वतः अंघोळीच्या साबणाने दाढी करत होते आणि वडी तात्यांसाठी राखत होते. हे त्यांच्या बायकोने मला सांगितलं, त्यांनी मरेपर्यंत कबूल केलं नसतं.

तात्यांच्या मुलाने पुण्याहून ऑनलाइन काय काय पाठवलं. लाकडी वाटीतला परदेशी साबण आला. नाना म्हणाले, "ह्याची दाढी करायची का पूजा?" एक जेल आलं, ते त्यांनी बोटावर घेतलं, दोन बोटांत ताणलं, आणि काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी ट्रिमर आला. तो त्यांनी मंदाला परत दिला. "शेळी भादरायला ठेव."

आणि मग त्यांनी तो पराक्रम केला. साबण स्वतः बनवायचा. बी.एस्सी. केमिस्ट्री काय उगीच केलं का, असं म्हणत ते कामाला लागले. त्यासाठी चरबी हवी म्हणून खाटकाकडून आणली. त्यांची बायको माळकरी, तिने त्यांना पातेल्यासकट स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. मग गोठ्यात चूल मांडली. कॉस्टिक सोडा आणला, खोबरेल आणलं, तापवलं, ढवळलं, साच्यात ओतलं. असा साबण आठवडेच्या आठवडे सुकत ठेवावा लागतो, तोवर त्यातलं कॉस्टिक जिवंत असतं आणि कातडी भाजतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण सगळा जन्म त्यांनी गळीत हंगामात काढलेला. सकाळी रसाचा नमुना घ्यायचा आणि चहाच्या आत रिझल्ट लिहायचा. थांबणं त्यांच्या हाडात नव्हतं. चार दिवसांत त्यांनी साबण तयार झाल्याचं जाहीर केलं.

तात्यांवर आधी प्रयोग करायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी त्यासाठी भावकी निवडली. एका चुलत चुलत्याचा दशक्रिया विधी नदीवर होता. नाना घाटावर वड्या घेऊन हजर. शंकर न्हावी बसलाच होता, त्याला म्हणाले, "तुझा डबा ठिव बाजूला. आज सगळ्यांची ह्यानं कर." नानांना नाही म्हणायची शंकरची टाप नव्हती. भावकीतली झाडून सगळी डोकी, मिशा, दाढ्या त्या साबणाने भादरल्या गेल्या. नाना स्वतः पहिले बसले.

"नाना, ह्ये जरा चावतंय का?" शंकरने विचारलं.

"चांगला साबन चावतोच," नाना म्हणाले.

मग भाषणं सुरू झाली. आमच्याकडे दहाव्याला पुढारी आल्याशिवाय कावळासुद्धा शिवत नसावा. ज्या पुढाऱ्याला मयताचं नाव चिठ्ठीवर बघावं लागत होतं, तो पाऊण तास बोलला. समोर उन्हात बसलेल्या तुळतुळीत डोक्यांची आग आग होत होती. डोकी टोमॅटोसारखी लाल, डोळ्यांतून धारा, कुणी कपाळ पंचाने दाबतोय, कुणी मधेच उठून नदीत डोकं बुडवून येतोय. पुढाऱ्याला वाटलं आपल्या शब्दांची जादू. त्याचाही गळा दाटून आला आणि तो आणखी पाव तास बोलला. पुढे कित्येक दहाव्यांना त्याने या भावकीच्या दुःखाचा दाखला दिला, असं ऐकते. भावकी मात्र महिनाभर डोक्याला खोबरेल लावून हिंडत होती आणि नाना दिसले की रस्ता बदलत होती. नानांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, की शंकरने पाणी कमी घेतलं.

चाचांची वडी झिजून कागदासारखी झाली आणि मग संपली. नानांनी एका सकाळी माझ्याकडे येऊन फळीवरच्या फोमच्या डब्यांकडे न बघता बोट केलं. "ते एक द्या." मी कुठला देऊ विचारलं, तर म्हणाले, "त्यातल्या त्यात कमी नालायक." मी बिनवासाचा, नाजूक कातडीसाठी असतो तो दिला.

फोमने पुरळ आलं नाही. कंपनीची मुलगी खोटं बोलत नव्हती. पण तात्यांनी तोंड फिरवायला सुरुवात केली. नाना फुस्स करून फेस काढत, लावत, भराभर ब्लेड फिरवत, आणि पाच मिनिटांत वाटी विसळायला उठत. दोनदा तात्यांनी कसंबसं करू दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी जी मान भिंतीकडे वळवली ती वळवूनच धरली. अर्धं अंग गेलेल्या माणसात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. नाना डबा घेऊन माझ्या दुकानात आले, खुर्चीवर बसले. पेपर उचलला नाही, मला काही लावून बोलले नाहीत. मला चक्क भीती वाटली.

"त्याला नगं हाय मी," ते म्हणाले. "साबन व्हता तवर चालवून घेतलं."

मागोमाग मंदा दुधाची पिशवी न्यायला आली. ही मुलगी कधी मोठ्या आवाजात बोलत नाही. तिने पिशवी घेतली, पदराशी चाळा केला आणि म्हणाली, "नाना, रागवू नका. पर तुमी आता बोलत न्हाई."

"मी त्याच्याशी कवाच बोलत न्हाई. समद्या गावाला ठावं हाय."

"तसं न्हाई. फेस करताना तुमी बोलायचे ना, गावाचं, सोसायटीचं. आता फेस आयता येतो. तुमी गप बसून करता आन् जाता. मामा सकाळपास्नं दाराकडं बघत असत्यात. तुमी आलात की लगीच गेलात."

नानांनी तिच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हिची धडगत नाही. "मंग काय त्याला रेडिओ लावून देऊ?" म्हणाले आणि तरातरा घरी गेले. जाताना फोमचा डबा मात्र घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पाहते तर तात्या अंगणात, नाना स्टुलावर. त्यांनी डब्यातला फोम वाटीत काढला, त्यात चमचाभर पाणी घातलं आणि ब्रशने घोटायला सुरुवात केली. तयार फेसाचा पुन्हा फेस. तो विरायचा, ते आणखी काढायचे, पुन्हा घोटायचे. अर्धा डबा एका दाढीला. आणि तोंड सुरू. त्या दिवशी फोमचीच पाळी होती. "हवा विकत्यात हवा. डब्यात हवा भरायची, वर बाईचं चित्र लावायचं, आन् समोरची दुकानदारीन ती म्हाग करून इकनार." मी रस्त्यापलीकडून ऐकवलं की डबा परत करा, पैसे देते. तात्यांची हसरी बाजू लांबूनही दिसत होती. मान त्यांनी आपणहून पुढे केली. यात मूर्खपणा किती होता ते मला कळतं, मी असल्या वस्तू विकून पोट भरते. पण त्या सकाळी मला नानांबद्दल पहिल्यांदा लोभ वाटला.

हे पुढे साधारण वर्षभर चाललं. या वर्षभरातही त्यांनी भावाला एकदासुद्धा नावाने हाक मारली नाही. हवेशी बोलणं वेगळं, त्याला समेट म्हणायचं नाही, असा त्यांचा हिशोब असावा. पुरुषांचे हे असले हिशोब बायकांनी समजून घ्यायच्या भानगडीत पडू नये.

तात्या गेले ते उन्हाळ्यात, पहाटे झोपेतच. सकाळी अंगण भरलं. पुण्याहून मुलगा आला, भावकी आली, फ्लेक्सवरची पोरं आली आणि पांढऱ्या शर्टात हात बांधून उभी राहिली. तिरडी बांधून झाली होती, पाणी तापलं होतं. ऊन चढायच्या आत आटपायचं म्हणून जो तो घड्याळ बघत होता. एवढ्यात नाना खांद्यावर पंचा टाकून, वाटी-ब्रश घेऊन आले आणि तात्यांच्या उशाशी मांडी घालून बसले. डब्यातला फोम वाटीत काढला, पाणी घातलं, घोटायला लागले.

सवयीने तोंडही सुरू झालं. कोण कोण आलंय ते बघून एकेकाला घेतलं. त्या पुढाऱ्याला घेतलं, सेक्रेटरीला घेतलं, तिरडीचा बांबू वाकडा आणला म्हणून आणणाऱ्याला घेतलं. मयताच्या घरी असं बोलतात का म्हणून माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हणाला, "नाना, उरका आता, ऊन व्हतंय."

"तुला कुठं ड्यूटीवर जायचंय?" नाना म्हणाले. ब्रश थांबला नाही.

फेस झाला. त्यांनी तो लावला, आणि डावा गाल सावकाश, नेहमीसारखा स्वच्छ केला. ब्लेड पंचाला पुसलं. एरवी अशा वेळी ते दोन बोटांनी तात्यांची हनुवटी धरून तोंड दुसरीकडे वळवत. आज त्यांनी हात लावला नाही. बोलणंही थांबलं.

"तात्या," नाना म्हणाले, "मान इकडं कर."

आणि ब्लेड हातात धरून ते थांबून राहिले.